न खुडलेली पाने

बाई,

तुमच्याविषयी मी लिहावे हे धारिष्ट्यच आहे, आणि त्याची क्षमा आरंभीच मागते. लिहिण्याचा अधिकार खरा ह्यांचा, म्हणजे तुमच्या धाकट्या भावाचा, तुमच्या बापूचा. त्यांना तुम्ही आईमागे वाढवलेत. मी या घरात उशिरा आलेली, बोलण्यात मागे आणि लिहिण्यात त्याहूनही मागे. शाळेच्या तपासणीसाठी चार ओळींचा अहवाल लिहायचा तरी माझा एक दिवस खोडण्यात जातो. चाळिशी उलटल्यावर मी प्रथमच कोणाविषयी काही लिहिते आहे, आणि तेही अशा व्यक्तीविषयी, जिला अक्षरओळख नव्हती आणि जिने माझ्या प्रत्येक पुस्तकाकडे एखाद्या आळशी पाहुण्याकडे पाहावे तसे पाहिले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "लिवून काय होते, मास्तरीण? तांदूळ निवड." ते मला ऐकू येते आहे. तरीही लिहिते, कारण आपला वाद अर्धवट राहिला आहे. वाद तुम्हीच सुरू केलात, तुम्हीच लांबवलात, आणि ऐन वेळी उठून निघून गेलात. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मला ते जमत नाही.

ह्यांची बदली होऊन आम्ही नागपुराहून या गावी, तुमच्या घरी राहायला आलो, तेव्हाचे आठवते. सिंदेवाहीचा बाजार सोडला तर बाकी सारे रान आणि धानाच्या बांध्या. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकले होते, पण येथल्या झाडांची नावे मला लॅटिनमध्ये यायची आणि बायकांशी बोलायला तोंड उघडायचे नाही. पहिले कित्येक महिने "हो बाई" आणि "नको बाई" एवढ्यावर माझा संसार चालला. घर, गुरे, बांध्या, सारे तुमच्या शब्दावर चालत होते. मी त्या घरातली एक मुकी पाहुणी होते.

मग पोळा झाला आणि एका सकाळी मी अंगणात आले. तुम्ही मांडवाखाली उभ्या होतात आणि कोहळ्याची मोठमोठी पाने दोन्ही हातांनी ओरबाडून पाठीमागे टाकीत होतात. पायांशी हिरवा ढीग पडला होता. वर मांडवावर उघडा पडलेला वेल आणि त्याला लोंबणारी चार कोवळी कोहळी. एरवी मी गप्प राहिले असते, पण हे मला सहन झाले नाही. मी विचारले, बाई, ही पाने कशाला काढता?

तुम्ही मागे वळूनही पाहिले नाहीत. "गंज दाट झाले. पानं फळाचं खाऊन राह्यले."

"पान खात नाही, बाई," मी म्हणाले. "पान रांधते."

आता तुम्ही वळलात. मी या घरात प्रथमच पूर्ण वाक्य बोलले होते, आणि तेही उलट. तुमच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादे नवे वासरू पहिल्यांदा शिंग मारते तेव्हा धनीण त्याला पाहते, तसे काहीसे होते.

"रांधते? मंग चूल कुठी हाय?"

ऊन हीच चूल, मी सांगितले. मुळाकडून पाणी येते, पानाला खाली डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात, त्यांतून हवा आत जाते, आणि पानातला हिरवा रंग उन्हाच्या बळावर त्या दोहोंची साखर करतो. ती साखर देठातून वेलात आणि वेलातून कोहळ्यात उतरते. हे सारे मी एका दमात बोलले. कॉलेजच्या परीक्षेतही मी इतके सलग बोलले नव्हते.

तुम्ही हातातले पान उलटून पाहिलेत, छिद्रे शोधलीत. मग म्हणालात, "म्हणजे हवा खाऊन एवढं कोहळं होते? मंग आमचे गुराखी दिसभर उनात असते. त्यायचं पोट काऊन नाई भरत?"

आपण हिरवे नाही म्हणून, मी म्हणाले.

"मंग हिरवं लुगडं नेस अन् उनात बस. रांधायचं काम वाचते." आणि तुम्ही पुढचे पान तोडलेत.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास विणकर आला तेव्हा तुम्ही माझ्यासाठी हिरवे लुगडे घेतलेत आणि माझ्या अंगावर टाकून "उनात बसाले" एवढेच म्हणालात. सारे घर हसले. मीही हसले, आणि स्वयंपाकघरात जाऊन ते लुगडे गालाला लावले. हे तुम्हाला कधी सांगितले नाही. आता सांगते.

पण तेवढ्याने माझा वैताग संपला नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. बाई, तुमची चूक अडाणीपणाची असती तर मी केव्हाच सोडून दिली असती. ती मोठ्या अनुभवातून आलेली चूक होती, म्हणून ती हलता हलत नव्हती. धान उभे असतानाच त्यात लाखोळीच्या डाळीचे बी फेकायचे, धान कापल्यावर लाखोळी वर आली की तिचे शेंडे खुडून भाजी करायची, आणि खुडलेली लाखोळी दुप्पट फांद्या फोडून शेंगांनी लगडायची, हे तुम्ही जन्मभर पाहिले होते. हरभऱ्याचेही तेच. तेव्हा खुडल्याने झाड फळते, हा तुमचा सिद्धान्त होता आणि लाखोळीपुरता तो खरा होता. मी सांगून थकले, की शेंडा खुडला तर बाजूचे डोळे फुटतात, खालची पाने तशीच राहतात. कोहळ्याची तर तुम्ही रांधणारी पानेच घरातून बाहेर काढता. तुम्ही म्हणायच्या, "खुडणं ते खुडणंच." यापुढे कोणते शास्त्र चालते?

तुम्ही मला एक वेल दिलात, हे कबूल करते. "हा तुह्या पुस्तकाचा," म्हणालात, आणि त्याच्या पानाला हात लावला नाहीत. माझ्या वेलाला कोहळी अधिक लागली आणि मोठीही झाली. तुम्ही शांतपणे म्हणालात, की तो मोरीच्या अंगाला आहे, त्याला न्हाणीचे पाणी मिळाले. मी म्हटले, पुढल्या वर्षी जागा बदलू. पुढल्या वर्षी जागा बदलल्या, आणि वानरांची टोळी येऊन दोन्ही वेल सारखेच खाऊन गेली. तुम्ही ओट्यावर बसून हसत होतात. मला रडू येत होते.

त्यानंतरचा फाल्गुन तर मी विसरणार नाही. तुम्ही मला मुद्दाम बांधावरच्या मोहाखाली नेलेत. पहाटेची फुले वेचून झाली होती. झाडावर नावाला पान नव्हते आणि तरी शेंड्याशेंड्याला फुलांचे घोस. तुम्ही वर बोट केलेत. "सांग आता. पान नाई, चूल नाई, मंग हा मोह कायच्या भरवशावर फुलून राह्यला?"

मी सांगितले, की गेल्या वर्षीच्या पानांनी रांधून ठेवलेले लाकडात, मुळात साठवलेले असते. झाड त्याच्यावर फुलते. पाने गेली तरी त्यांनी केलेले जात नाही.

तुम्ही खोडाला हात लावून वर पाहिलेत. मला वाटले, आता मान डोलवाल. तुम्ही म्हणालात, "तुह्याजोळ सगळ्याचं उत्तर असते," आणि टोपली उचलून चालू लागलात. हे कौतुक होते की टोमणा, हे मला तेव्हा कळले नाही, आणि कळवण्याची तसदी तुम्ही घेतली नाहीत.

पुढे आपल्या शाळेत वरच्या वर्गांना शास्त्र शिकवायला कोणी मिळेना. मी अर्ज करावा असे ह्यांनी सुचवले, पण मला धीर होईना. शाळेची पंचमंडळी घरी आली. एक बाईमाणूस, तेही इतके अबोल, थोराड मुलांना कसे आवरील, अशी त्यांना शंका होती, आणि ती रास्त होती. मी दाराआड उभी होते. माझ्या मनात नकार तयार झालाही होता. तेव्हा तुम्ही चहाच्या कपबशा खाली ठेवता ठेवता त्यांना म्हणालात, "माह्यासंग रोज भांडते ते. पोरायसंग काऊन नाई बोलणार?"

मी शिकवते आहे ती त्या वाक्यावर. वर्गात प्रथम उभी राहिले तेव्हा मागच्या बाकावर तुम्हाला बसवून मी पहिला धडा दिला, म्हणजे मनात. प्रत्येक वाक्यानंतर तुम्ही "काऊन?" विचारत होतात आणि मी उत्तर देत होते. मुलांना वाटले, नव्या मास्तरीणबाईंना धडा पाठ आहे. बाई, तुमच्यामुळे मला वाणी फुटली, आणि ती मी तुमच्याविरुद्ध वापरली. ही गोष्ट मी तुमच्यासमोर कधी मान्य केली नाही, कारण तुम्ही लगेच तिचा वादात उपयोग केला असता.

आणि मग तो पानाचा प्रयोग. वर्गात करून दाखवण्याआधी मला तो घरी करून पाहायचा होता. सुयांच्या पुडीचा काळा कागद कापून मी कोहळ्याच्या एका पानावर मधोमध पट्टी बांधली, म्हणजे तेवढ्या भागाला ऊन लागू नये. दवाखान्यातून टिंक्चर आयोडीन मिळाले. अडले ते स्पिरिटवर. पानातला हिरवा रंग काढायला ते लागते, आणि शाळेत ते नव्हते. मी हताश होऊन हे बोलले असेन. दोन दिवसांनी रानाकडच्या टोल्यावरची, त्या लहान वस्तीतली सोमीबाई गोवऱ्यांची टोपली घेऊन आली. सोमीबाई तुमची जन्माची मैत्रीण, रानातून मोहफुले आणि टेंभराची फळे आणून देणारी. तुम्ही तिला न्हाणीमागे नेलेत आणि गोवऱ्यांखालून बाटली काढून माझ्यासमोर ठेवलीत. पहिल्या धारेचा मोह, स्पिरिटाइतकी कडक दारू. घरात दारूचा थेंब येऊ न देणाऱ्या तुम्ही, ती बाटली पदराने पुसत म्हणालात, "चालन काय हे? बापूले सांगू नको."

जे सिद्ध झाले तर तुम्ही हरणार होतात, त्यासाठी तुम्ही चोरून दारू आणलीत. असे माणूस दुसरे असेल काय?

अंगणात चूल पेटवली. गरम पाण्याच्या भांड्यात लोटा ठेवून, त्यात मोह ओतून, आधी उकळत्या पाण्यातून काढलेले पान त्यात सोडले. साऱ्या आळीत वास सुटला. सोमीबाई नाक वर करून म्हणाली, की एवढी चांगली दारू पानाले पाजून राह्यले, माणसाचा काय गुन्हा होता? तुम्ही तिला दटावलेत आणि स्वतः वाकून पाहत बसलात. पुन्हा पुन्हा मोह बदलावा लागला, तेव्हा कोठे पान फिक्कट पिवळे झाले. मी ते थाळीत पसरले आणि वर आयोडीन टाकले. पान हळूहळू निळेकाळे होत गेले, आणि मधोमध, जेथे कागद बांधला होता तेथे, पट्टी तशीच फिक्कट राहिली. रेघ आखल्यासारखी.

पुस्तकात शेकडो वेळा वाचले होते. डोळ्यांनी प्रथमच पाहिले. मी सांगितले, काळे झाले तेथे पिठूळ अन्न आहे. जेथे ऊन लागले नाही, तेथे ते झाले नाही.

तुम्ही थाळी उचललीत, उन्हात धरलीत. "काळं ते जेवलेलं? पांढरं ते उपाशी?"

होय, मी म्हणाले. जिंकल्याचा आनंद माझ्या आवाजात लपला नसेल.

"म्हणजे जेवण पानात हाय."

"होय, बाई."

"मंग मी काय म्हणून राह्यली इतके वर्षं? फळाचं जेवण पान दाबून बसलं. खुडलंच पाह्यजे."

सोमीबाई हसून हसून जमिनीवर बसली. माझ्याच पुराव्याने तुम्ही मला हरवलेत. मी चिडून म्हणाले, की दिवसा रांधलेले रात्री पानातून खाली उतरते, पहाटे ऊन पडण्यापूर्वी पान तोडून हाच प्रयोग केला तर ते काळे होणार नाही, रिकामे निघेल. तुम्ही म्हणालात, "मंग दाखव." मी म्हटले, दाखवते. ठरले. उरलेला मोह आपण भिंतीतल्या देवळीत ठेवून दिला.

तो प्रयोग झाला नाही. आधी धानाची घाई, मग शाळेची परीक्षा, आणि मग तुमचे गुडघे. त्या हिवाळ्यात तुमच्या पायांना सूज आली आणि देवळीतला मोह मी तुमच्या गुडघ्यांवर चोळून संपवला. चोळताना तुम्ही म्हणायच्या, "तुहा पुरावा माह्या टोंगळ्यात मुरून राह्यला." पुढे स्पिरिट मिळाले असते. सवडही मिळाली असती. मला वाटायचे, घाई कशाला, बाई कोठे जात आहेत?

यंदा पावसाळ्यात तुम्ही अंथरूण धरलेत. कोहळ्याचा वेल मात्र कधी नव्हे असा माजला. साऱ्या मांडवावर पानावर पान. पोळा झाला, गणपती झाले, तुमच्या तोंडून खुडण्याचा शब्द नाही. मी वाट पाहत होते. तुम्ही सांगितले असते तर मी खुडली असती की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. आश्विनातले ऊन तापू लागले तेव्हा तुम्ही आपली खाट मांडवाखाली टाकून मागितलीत. दिवसभर तुम्ही पडल्या पडल्या वर पाहत असायच्या. सोमीबाई भेटायला आली आणि तिने तुम्हाला विचारलेच, यंदा पानं नाई खुडले?

"सावली पाह्यजे मले," तुम्ही म्हणालात. "राहू दे."

मी तेथेच होते. तुम्ही माझ्याकडे पाहिले नाहीत.

मग एक संध्याकाळ. दसरा झाला होता. मी तुम्हाला पेज पाजत होते. ऊन मांडवावरून उतरून भिंतीवर गेले होते. तुम्ही एकाएकी विचारलेत, "आता विझली असन ना यायची चूल?"

चूल हा माझा शब्द होता. इतक्या वर्षांत तुम्ही तो थट्टेवाचून एकदाही उच्चारला नव्हता. मी म्हणाले, होय बाई, विझली. आता रांधलेले रात्रभर फळाला वाढण्याचे काम.

"बरं," तुम्ही म्हणालात, आणि तोंड फिरवून घेतलेत. पेज पुरी झाली नाही.

बाई, "बरं" म्हणजे काय? साऱ्या जन्मात तुम्ही "बरं" म्हणून एकही वाद सोडला नव्हता. पटले असते तर तुम्ही "पटलं" म्हणाला नसतात, हे मी जाणते. पण काही वेडेवाकडे, टोचणारे, तुमचे असे काही म्हणाला असतात. नुसते "बरं" माणूस वैद्याला म्हणते. मी दुसऱ्या दिवशी विचारणार होते. दुसऱ्या दिवशी तुम्हाला ग्लानी आली, आणि त्यानंतर तुम्ही कोणालाच काही म्हणाला नाहीत.

तेराव्यानंतर शाळेत स्पिरिट आले. मी पहाटे उठले, उजाडण्यापूर्वी मांडवाखाली गेले, तुमच्या खाटेच्या जागेवर उभी राहून एक पान तोडले, आणि आपले ठरले होते तसे सारे केले. आयोडीन टाकले. पान काळे झाले नाही. देठाशी थोडी मळकट झाक, बाकी सारे फिक्कट, रिकामे. मी म्हटले होते तसेच. मी थाळी हातात घेऊन अंगणात उभी राहिले. दाखवायला कोणी नव्हते. हे झोपले होते. आणि खरे सांगू? त्या घडीला मला तुमचा इतका राग आला, की थाळी फेकून द्यावी असे वाटले. मग तुमचे उत्तरही ऐकू आले, अगदी स्पष्ट: "रातभर पानानंच खाल्लं असन." त्याला माझ्याकडे उत्तर आहे. दुसरा प्रयोग आहे, देठ करपवून अन्नाची वाट बंद करायचा; पानाने खाल्ले नसेल, तर ते पहाटेही काळे निघेल. पण तो कोणासाठी करू?

वेल अजून मांडवावर आहे. पाने कडेने पिवळी पडू लागली आहेत. कोहळी मोठी झाली आहेत. यंदासारखी आपल्या मांडवावर कधी लागली नव्हती. परवा आळीतल्या बायका पाहून म्हणाल्या, बाईचा हात लागलेला वेल. मी काही बोलले नाही. बोलले असते तर पुन्हा वाद, आणि दुसरी बाजू घ्यायला तुम्ही नाही.

तुम्ही उत्तर देणार नाही, तेव्हा हे वाचील त्यालाच विचारते. माझे म्हणणे बाईंना पटले होते, की त्यांना फक्त सावली हवी होती?